हुकूमशहावर हसून काय होतं? रशियन लेखकांचा स्टालिन कसा वाचायचा

नमस्कार. तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण घाईघाईत चार ओळी टाकाव्यात असं वाटलं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रशियन लेखकांनी स्टालिनची एवढी खिल्ली उडवली, कवितेत, नाटकात, कादंबरीत, चुटक्यांत, कुठेही सोडलं नाही, आणि तरी मे २०२५ मध्ये मॉस्कोच्या तागान्स्काया मेट्रो स्टेशनात त्याचं भिंतीवरचं शिल्प परत लागलं आणि लोक तिथं फुलं ठेवून गेले. मग या सगळ्या हसण्याचा उपयोग काय झाला? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न, की ज्यानं लाखो माणसं मारली त्याच्यावर विनोद करायचा म्हणजे त्याचे गुन्हे हलके करणं नाही का? शेवटी सुरुवात कुठून करू असंही विचारलंय, त्याचंही सांगते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे या पुस्तकांचा नेम स्टालिनवर आहे. मी २६ वर्षं रशियन शिकवते, बहुतेक संध्याकाळच्या बॅचेस, आणि जमेल तसं भाषांतर करते, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीसुद्धा हेच धरून चालले होते. पण वर्गात मजकूर ओळ न् ओळ लावून वाचायला लागलं की दिसतं की हुकूमशहा त्यात फार थोडा असतो. तो लहानसा असतो, कोपऱ्यात असतो, कधी तर मेलेला असतो. पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात ती त्याच्या भोवतीच्या माणसांवर, घाबरणारे, टाळ्या वाजवणारे, त्याच्याआधीच त्याच्या मनातलं ओळखणारे, आणि तो गेल्यावर त्याची जागा साफसूफ करून ठेवणारे. रशियन व्यंगलेखकाला राग येतो तो बहुतेक वेळा या माणसांचा, आणि जीव तुटतो तोही त्यांच्यासाठीच. हे एकदा लक्षात आलं की मेट्रोतलं शिल्प त्या पुस्तकांच्या विरोधात जात नाही, उलट त्या पुस्तकांनी जे सांगून ठेवलं होतं तेच होतंय असं वाटतं.

आता हे सरसकट लागू करू नका. लेखक कधी लिहितोय यावर खूप काही अवलंबून आहे. स्टालिन जिवंत असताना लिहिलेलं वेगळं, ५ मार्च १९५३ ला तो गेल्यानंतर टाइपरायटरवर कार्बन घालून चोरून फिरलेलं वेगळं, आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर दुकानात राजरोस विकलं गेलेलं आणखी वेगळं. पहिल्यात जीव जाण्याची भीती आहे, दुसऱ्यात नोकरी आणि देश जाण्याची, तिसऱ्यात आपण बोलतोय ते कोणी ऐकतच नाहीये याची. लेखक कुठला हेही बघावं लागतं, काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियाचा लेखक इस्कांदेर स्टालिनकडे ज्या नजरेनं बघतो ती मॉस्कोच्या लेखकाची नजर नाही.

खरं तर सुरुवात स्टालिनच्या जन्माच्याही आधीपासून करावी लागते. साल्तिकोव-श्चेद्रिन हा लेखक स्वतः सरकारी अधिकारी, र्‍याझान आणि त्वेर या दोन प्रांतांचा उपगव्हर्नर राहिलेला, म्हणजे आतली यंत्रणा रोज हाताळलेला माणूस. त्याचं ‘एका शहराचा इतिहास’ १८६९-७० मध्ये आलं. शहराचं नाव ग्लुपोव, म्हणजे आपल्याकडे मूर्खपूर म्हणावं तसं, आणि तिथं एकामागून एक नगरप्रमुख येतात. त्यातल्या एकाच्या डोक्यात मेंदूच्या जागी चावीचं वाद्य बसवलेलं असतं आणि ते दोनच गोष्टी वाजवतं, ‘बरबाद करीन!’ आणि ‘खपवून घेणार नाही!’. एवढ्यावर कारभार चालतो, आणि नीट चालतो. मग एक दिवस ते वाद्य बिघडतं, घड्याळजीला बोलवावं लागतं, आणि इथं बहुतेक वाचक हसून पुढं जातात, पण मी वर्गाला इथंच थांबवते. कारण धमकी देणारं डोकं बंद पडलं म्हणून गाव आनंद करत नाही, गाव घाबरतं. लोक जमून विचारतात, आमच्या मायबापाला कुठं लपवलंत? दोन वाक्यांचं यंत्र, आणि त्याला मायबाप म्हणणारी माणसं. पुढच्या दीडशे वर्षांतल्या रशियन व्यंगाचं बी इथं पेरलेलं आहे असं माझं मत आहे.

याच लेखकानं ‘इसापाची भाषा’ हा शब्दप्रयोग रशियनमध्ये रुजवला. आपण इसापनीती लहानपणी वाचलेली असते त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, सिंह, कोल्हा, ससा यांची गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्यानं माणसं ओळखायची. सेन्सॉर असलेल्या देशात ही गरज होती, पण हळूहळू तीच तिथल्या लेखनाची ताकद झाली, कारण अर्धं काम वाचक करतो आणि जे आपण स्वतः ओळखलं ते आपण विसरत नाही.

याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण म्हणजे कोर्नेई चुकोव्स्कीची मुलांसाठीची कविता, ‘झुरळोबा’ म्हणू आपण. १९२३ मध्ये छापून आली. जंगलात एक मिश्यांवालं झुरळ येतं आणि म्हणतं तुमची पिल्लं आणून द्या, मी रात्रीच्या जेवणाला खाणार. अस्वल, हत्ती, गेंडे, मगरी, सगळे थरथरतात आणि घरी बसून पिल्लांसाठी रडतात. एक कांगारू उडी मारत येते आणि म्हणते अहो हा काय राक्षस आहे का, हे साधं झुरळ आहे. तेव्हा तिला गप्प कोण करतं? झुरळ नाही. पाणघोडे करतात, की बाई तू जा इथून, तुझ्यामुळे आमचंच आणखी वाईट व्हायचं. शेवटी एक चिमणा येतो, टोच मारतो, आणि झुरळ संपतं. आता १९२३ मध्ये स्टालिनला सामान्य माणूस नीट ओळखतही नव्हता, त्यामुळे ही कविता त्याच्यावर लिहिली होती असं म्हणता येत नाही. पण पुढं लोकांनी ती त्याच्यावरचीच म्हणून वाचली. एका अर्थी स्टालिन नंतर येऊन त्या कवितेत बसला. वारसा म्हणतात तो असा मागच्या दिशेनंसुद्धा काम करतो, हे मला या एका कवितेनं शिकवलं.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३३ मध्ये, कवी ओसिप मान्देलश्तामनं स्टालिनवरची ती १६ ओळींची कविता केली. कागदावर ठेवली नाही, मोजक्या ओळखीच्या लोकांना म्हणून दाखवली. त्यात झुरळाच्या मिश्या आहेत, अळ्यांसारखी जाडजूड बोटं आहेत, चकाकणारे बूट आहेत. सगळे एवढंच उद्धृत करतात. पण पुढच्या ओळी बघा, तिथं त्याच्या भोवती बारीक मानेच्या पुढाऱ्यांचा घोळका आहे, अर्धवट माणसं, कोणी शिट्टी वाजवतो, कोणी म्यांव करतो, कोणी कुंईकुंई करतो. १६ ओळींत जीव मुठीत धरून लिहिणाऱ्या माणसालाही त्या घोळक्यासाठी जागा काढावीशी वाटली. शेवटच्या ओळीत तो स्टालिनला ओसेतियन, म्हणजे कॉकेशसमधल्या एका जमातीचा, म्हणून हिणवतो, ते मला कधीच पटलं नाही आणि मी वर्गात तसं सांगते, मोठ्या कवितेतही एखादी ओळ खाली घसरते. मे १९३४ मध्ये त्याला अटक झाली, आधी हद्दपारी, मग १९३८ मध्ये पुन्हा अटक, आणि २७ डिसेंबर १९३८ ला व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. कविता टिकली ती लोकांच्या डोक्यात.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, येव्गेनी श्वार्त्सचं ‘ड्रॅगन’ हे नाटक. युद्धात लेनिनग्राडचं कॉमेडी थिएटर ज्या गावी हलवलं होतं तिथं १९४३ मध्ये त्यानं ते पूर्ण केलं, आणि त्या गावाचं, ताजिकिस्तानातल्या आजच्या दुशान्बेचं, तेव्हाचं नाव होतं स्टालिनाबाद. कागदोपत्री नाटक हिटलरवर होतं. १९४४ मध्ये एका लेखात त्याला हानिकारक परीकथा ठरवलं गेलं, प्रयोग बंद झाले, आणि परत रंगमंचावर आलं ते १९६२ मध्ये, श्वार्त्स १९५८ मध्येच गेला होता.

गोष्ट साधी आहे. एका गावावर ४०० वर्षं तीन डोक्यांच्या ड्रॅगनचं राज्य आहे, दरवर्षी एक मुलगी त्याला द्यायची. लान्सलॉट नावाचा वीर येतो आणि म्हणतो मी याला मारतो, आणि गाव म्हणतं कशाला? या वर्षी जिचा नंबर लागलाय तिचा बापच लान्सलॉटला समजावतो की अहो कॉलरा आला होता तेव्हा ड्रॅगननंच तळ्यावर श्वास सोडून पाणी उकळून दिलं, गाव वाचलं. शिवाय त्यानं जिप्सींना हाकललं. जिप्सी वाईट असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? ड्रॅगननं. आणि वर हे की दुसऱ्या ड्रॅगनपासून वाचायचं तर आपला एक हवाच. हा बाप दुष्ट नाहीये हो, तो प्रेमळ आहे, सुशिक्षित आहे, मुलगी गेली की आपणही मरणार असं शांतपणे सांगतो. म्हणूनच ते वाचताना घशाशी येतं.

मग लढाईची तयारी. नगरपालिका नियमाप्रमाणे वीराला शस्त्रं देते. शिरस्त्राण म्हणून न्हाव्याचं भांडं, ढाल म्हणून पितळी तबक, आणि भाला? भाल्याऐवजी त्याच्या हातात एक दाखला ठेवतात, की सदर भाला खरोखरच दुरुस्तीला गेलेला आहे, सही आणि शिक्का. हे मी पहिल्यांदा भाषांतरासाठी घेतलं तेव्हा मूळ रशियन वाक्य सरकारी कागदाच्या भाषेत आहे हे लक्षात आलं, आणि मला काही शोधावं लागलं नाही, ‘दाखला देण्यात येतो की’ अशी सुरुवात केली आणि वाक्य आपोआप चालायला लागलं. लढाई सुरू झाल्यावर ड्रॅगनचं एक डोकं खाली पडतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि नगरपालिकेचं निवेदन येतं की ड्रॅगनसाहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव एका डोक्याला लष्करी सेवेतून मुक्त करून राखीव दलात घेतलं आहे. लोक निवेदन ऐकतात आणि मान डोलावतात. इथं ड्रॅगन कुठंय सांगा? तो वर ढगात मरतोय. नाटक खाली चौकात चाललंय.

तिसरा अंक एक वर्षानंतरचा. ड्रॅगन मेलाय, लान्सलॉट जखमी होऊन नाहीसा झालाय, आणि गावचा महापौर आता अध्यक्ष आहे, ड्रॅगनला मीच मारलं म्हणून मिरवतोय, तुरुंग भरलेत, त्याच मुलीशी लग्न करायला निघालाय, आणि लोक त्याच चौकात त्याच उत्साहानं जयजयकार करतायत. लान्सलॉट परत येतो. महापौराचा मुलगा, आधी ड्रॅगनचा सेक्रेटरी असलेला, म्हणतो की खोलात जाऊन बघाल तर माझा व्यक्तिशः काही दोष नाही, मला तसं शिकवलं होतं. त्यावर लान्सलॉट म्हणतो की शिकवलं तर सगळ्यांनाच होतं, पण तू पहिला विद्यार्थी का झालास?

हे वाक्य एका बॅचला मी मराठी करायला दिलं होतं. सर्वोत्तम विद्यार्थी, अव्वल विद्यार्थी, असं करत करत गाडी अडली होती, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, पहिला नंबर. ‘शिकवलं तर सगळ्यांनाच होतं, पण तूच पहिला नंबर का काढलास, जनावरा?’ वर्ग एकदम शांत झाला. त्या बॅचला एक निवृत्त गृहस्थ यायचे, त्यांनी वही मिटली. वर्ग सुटल्यावर जिन्यात थांबून मला सांगितलं की एकदा ऑफिसात एका सहकाऱ्याच्या विरोधात सगळ्यांकडून लेखी घेतलं होतं, सगळ्यांनीच दिलं, त्यात मी एकटा काही वेगळा नव्हतो, पण मी मुदतीच्या एक दिवस आधी नेऊन दिलं. एवढंच बोलले आणि गेले. या नाटकाबद्दल मी जे काही वाचलंय त्यात याहून जास्त मला कोणी सांगितलेलं नाही.

इस्कांदेरच्या ‘ससे आणि अजगर’मध्ये हाच विचार जंगलात नेलाय. अजगर सशांना नजरेनं संमोहित करून गिळतात, आणि एक विचारी ससा शोधून काढतो की संमोहन वगैरे काही नाही, ती आपलीच भीती आहे. याचा सगळ्यात जास्त धसका अजगर घेत नाहीत, सशांचा राजा घेतो, कारण त्याचं राज्य दोन गोष्टींवर उभं आहे, अजगराची भीती आणि एक दिवस तुम्हा सगळ्यांना फ्लॉवर खायला मिळेल हे वचन. आणि संमोहन चालेनासं झाल्यावर काय होतं, तर अजगर विळखा घालून आवळायला शिकतात. हे १९८२ मध्ये परदेशात छापलं गेलं, देशात १९८७ मध्ये. त्याच लेखकाच्या ‘सांद्रो’च्या गोष्टींत स्टालिन प्रत्यक्ष येतो, मेजवानीत, आणि तिथं अबखाझियाचा प्रमुख लाकोबा पाहुण्यांच्या करमणुकीसाठी आचाऱ्याच्या डोक्यावर अंडं ठेवून पिस्तुलानं उडवतो. आचाऱ्याच्या चेहऱ्यावरून बलक ओघळतोय आणि सगळे टाळ्या वाजवतायत. लाकोबा हा खरा माणूस, डिसेंबर १९३६ मध्ये, पुढं स्टालिनचा गुप्त पोलीसप्रमुख झालेल्या बेरियाकडे जेवून आल्यावर मेला, विषप्रयोग झाला असंच मानलं जातं. हे माहीत असलेला वाचक ते अंडं वेगळ्या नजरेनं बघतो.

व्लादिमिर वोइनोविचची ‘चोन्किन’ ही कादंबरी हलकीफुलकी वाटते म्हणून लोक तिला खाली ठेवतात, मला ते मान्य नाही. त्यात साधाभोळा शिपाई चोन्किन राजकीय शिक्षणाच्या तासाला उभा राहून विचारतो की कॉम्रेड स्टालिनना दोन बायका होत्या हे खरं का, कोणीतरी त्याला मुद्दाम शिकवून पाठवलेलं असतं, आणि शिकवणारा अधिकारी पांढराफटक पडतो. स्टालिनला दोन बायका झाल्या होत्या ही साधी वस्तुस्थिती आहे! नुसता प्रश्न कानावर पडला एवढंच पुरे आहे. त्याच कादंबरीत एका म्हाताऱ्या ज्यू माणसाला पकडून आणतात, झोडपतात, आणि मग आडनाव विचारतात तर तो म्हणतो स्टालिन. त्याचं खरंच तेच आडनाव असतं. त्यानंतर त्या अधिकाऱ्यांची जी गाळण उडते ती पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या प्रसंगांपैकी एक आहे, आणि पुन्हा तेच, खरा स्टालिन शेकडो मैल लांब, त्याची नुसती अक्षरं खोलीत आलीयत.

सोल्झेनित्सिनच्या ‘पहिल्या वर्तुळा’त मात्र स्टालिन जवळून येतो, डिसेंबर १९४९, सत्तराव्या वाढदिवसानंतरच्या रात्री एकटा, आजारी, स्वतःचंच चरित्र वाचत बसलेला. तो प्रसंग जबरदस्त आहे पण बाकीची ती प्रकरणं मला जड वाटतात, तिथं लेखकाचा राग व्यंगाच्या पुढं धावतो.

आता वारशाकडे येते, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात, स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेवनं त्याच्या गुन्ह्यांवर भाषण केलं, १९६१ मध्ये स्टालिनचा देह लेनिनशेजारून हलवून क्रेमलिनच्या भिंतीजवळ पुरला, पुतळे उतरवले. तागान्स्कायाचं मूळ शिल्पसुद्धा १९५० मध्ये लागून १९६६ मध्ये काढलं होतं. कायद्यानं, कागदानं, क्रेननं जे काढता येतं ते काढलं. लेखकांनी लगेच ओळखलं की पुतळे काढले म्हणजे गेले असं नाही. अलेक्सांद्र गालिचचं एक गाणं आहे, गिटारवर घरगुती बैठकीत म्हटलेलं आणि टेपवरून टेपवर गेलेलं, त्यात रात्री गावात पुतळे चालायला लागतात, पुढं ब्राँझचा, मागं प्लास्टरचे तुटके तुकडे, आणि दिवसा ते परत आपापल्या अडगळीत जाऊन वाट बघतात.

आणि मग वोइनोविचची २००० सालची कादंबरी, ‘स्मारकांचा प्रचार’. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर यात आहे. अग्लाया रेव्किना नावाची कट्टर स्टालिनवादी बाई, दोल्गोव हे छोटं गाव. तिनंच खटपट करून गावात स्टालिनचा पुतळा उभा करवलेला. काळ फिरतो, पुतळा भंगारात निघतो, तर ती तो स्वतःच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवते. लोखंडी, माणसापेक्षा मोठा, दिवाणखान्यात. त्याला पुसते, त्याच्याशी बोलते, ख्रुश्चेव जातो, ब्रेझनेव जातो, देश मोडतो, शेजारी बदलतात, पुतळा तिथंच. वोइनोविचला १९७४ मध्ये लेखक संघातून काढलं, १९८० मध्ये देश सोडावा लागला, नागरिकत्वही काढून घेतलं, म्हणजे या बाईवर सूड उगवायचा त्याला पूर्ण हक्क होता. पण त्यानं ती बाई प्रामाणिक दाखवलीय. भोवतालचे सगळे रातोरात मत बदलतात, काल टाळ्या वाजवणारे आज शिव्या देतात, पार्टीतून हाकललेली ती एकटी बदलत नाही, आणि वाचकाला मध्येच तिच्याबद्दल आदर वाटायला लागतो आणि स्वतःचीच भीती वाटते. शेवटी इमारतीत स्फोट होतो आणि ती त्या पुतळ्यासकट जाते. मला वाटतं हुकूमशहाच्या वारशाबद्दल याहून खरं कोणी लिहिलं नसेल, पुतळा चौकातून घरात येतो, घरात त्याला माया मिळते, आणि पुढं कधीतरी चौकात परत जायला तो तयार असतो.

आजचा रशियन कादंबरीकार सोरोकिन, त्याच्याबद्दल थोडंच. २००६ चं ‘ओप्रिच्निकचा एक दिवस’ भविष्यातल्या रशियात घडतं पण सत्ता चालते इव्हान द टेरिबलच्या पद्धतीनं, म्हणजे १५६५ मध्ये त्यानं सुरू केलेल्या खास सेवकांच्या टोळीच्या जोरावर. सांगणारा त्या टोळीतलाच एक, खुशीत, अभिमानानं आपला दिवस सांगतो. स्टालिनला हा इव्हान जवळचा वाटायचा, १९४७ मध्ये त्यानं सिनेदिग्दर्शक आयझेन्स्टाइनला बोलावून सांगितलं होतं की इव्हाननं काही सरदार घराणी पुरती संपवली नाहीत हीच त्याची चूक. याच लेखकाच्या आधीच्या एका कादंबरीवरून २००२ मध्ये एका सरकारधार्जिण्या तरुण संघटनेनं मॉस्कोत बोल्शोई थिएटरसमोर मोठं संडासाचं भांडं करून त्यात त्याची पुस्तकं टाकली होती. त्याचं लेखन अंगावर येतं, हिंसा आणि शरीर फार आहे, सगळ्यांना झेपेलच असं नाही आणि पहिलं पुस्तक म्हणून तर नकोच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हसण्यानं गुन्हा हलका होतो का. १९३७-३८ या दोन वर्षांत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या हिशेबानुसार सुमारे ६ लाख ८१ हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. हा आकडा डोक्यात ठेवूनच मी यावर बोलते. मला वाटतं हसण्याचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. एक चुटका आहे, स्टालिनच्या काळात कैद्यांकडून खणून घेतलेल्या कालव्यावरचा: पांढऱ्या समुद्राचा कालवा कोणी खणला? उजवा काठ विनोद सांगणाऱ्यांनी आणि डावा ऐकणाऱ्यांनी. यात विनोद करणाऱ्याला माहीत आहे की तो त्याच काठावर जाऊ शकतो, विनोदासाठी छावणीत गेलेली माणसं खरोखर होती, राजकीय गुन्ह्यांच्या अठ्ठावन्नाव्या कलमाखाली. हे हसणं गुन्हा हलका करत नाही, ते गुन्ह्याचा पुरावा आहे. पण दुसऱ्या जातीचेही चुटके आहेत ज्यात स्टालिन स्वतः पाइप ओढत एखादं खोचक वाक्य टाकतो आणि समोरचा गारद होतो. त्यात तो हजरजबाबी आजोबा होतो, आणि ऐकणारा नकळत त्याच्या बाजूनं हसतो. हे मला धोक्याचं वाटतं, आणि आजही रशियात असे चुटके चालतात. म्हणून वाचताना मी मुलांना एकच विचारायला सांगते, या विनोदात आपण कोणाच्या शेजारी उभं राहून हसतोय?

मराठी वाचकाची एक वेगळी अडचण आहे. आपल्याकडे स्टालिन आला तो युद्धातून, अण्णाभाऊ साठ्यांचा ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ घ्या, फॅसिझमशी लढणाऱ्या गावाचं नाव म्हणून ते नाव आपल्या कानात बसलं. पुढं सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त मराठी पुस्तकं घराघरात आली, मीही त्यावरच वाढले आणि त्यांनीच मला या भाषेकडे नेलं, त्याचं ऋण मी मानते. पण श्वार्त्सचा ड्रॅगन किंवा मान्देलश्ताम त्या पुस्तकांच्या पेट्यांतून येत नव्हते. स्टालिनग्राड लढलं हे खरं, आणि त्याच काळात स्टालिनाबादमध्ये बसून एक माणूस ‘ड्रॅगन’ लिहीत होता हेही खरं, दोन्ही एकत्र धरायला वेळ लागतो. मलाही लागला.

वाचायला सुरुवात ‘ड्रॅगन’पासून करा, छोटं आहे, इंग्रजीत मिळतं, हिंदी-मराठीत काही सापडलं तर उत्तमच. मग ‘ससे आणि अजगर’, मग ‘चोन्किन’, आणि मग ‘स्मारकांचा प्रचार’. श्चेद्रिन नंतर, थोडा इतिहास माहीत झाल्यावर जास्त लागतो. सोरोकिन सगळ्यात शेवटी. ‘ड्रॅगन’चा तिसरा अंक मात्र दोनदा वाचा. पहिल्या वेळी सगळं लक्ष त्या पहिल्या नंबरवाल्याकडे जातं. दुसऱ्या वेळी अगदी शेवटची दोन पानं सावकाश वाचा, तिथं लान्सलॉट म्हणतो की आता पुढचं काम बारीक आहे, भरतकामापेक्षाही किचकट, यांच्यातल्या प्रत्येकाच्या आतला ड्रॅगन मारावा लागेल. आणि तेव्हा गावचा माळी पुढं येतो, ज्याच्याकडे तोवर कोणी फारसं बघितलेलं नसतं, आणि हात जोडून म्हणतो की धीर धरा साहेब, तण काढा पण जपून, चांगली मुळं दुखावतील.

वाचून झालं की कसं वाटलं ते नक्की सांगा, आणि रशियन शिकायचा विचार असेल तर तेही विचारा.